‘कल्चर फिट’ म्हणजे नेमकं कोणाचं कल्चर?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे इंजिनिअरिंग, आणि मराठी अगदी फर्डी. पुण्याच्या एका कंपनीत मुलाखतीच्या तीन फेऱ्या त्याने पार केल्या. मग फोन आला, “टेक्निकली तुम्ही उत्तम आहात, पण कल्चर फिट वाटत नाही.” तो मला म्हणाला, “सर, कल्चर म्हणजे तहजीबच ना? मग माझ्यात काय कमी पडलं?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

कंपनीचं कल्चर देशाच्या संस्कृतीतून येतं, असं मॅनेजमेंटची पुस्तकं सांगतात. गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर १९८० मध्ये ग्रंथ लिहिला. खालचा माणूस वरच्याची हुकमत किती निमूट मान्य करतो, याचं माप त्याने काढलं. त्यात डेन्मार्कला १८ गुण आहेत आणि भारताला ७७.

यातलं अर्धं मला पटतं. आपल्या ऑफिसांत भिंतीवर ‘मोकळेपणाने बोला’ असं लिहिलेलं असतं, आणि साहेब बोलेपर्यंत मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही. भिंतीवरचं वाक्य बाहेरून आलेलं, शांतता मात्र घरची.

उरलेलं अर्धं पटत नाही. हे ७७ गुण आले ते आयबीएमच्या दारातून आत गेलेल्यांकडून. मालेगावच्या मागावर बसणाऱ्याला किंवा हातगाडी ओढणाऱ्याला कोणी प्रश्नावली दिली नव्हती. देशाची संस्कृती म्हणून कंपनीत शिरते ती सगळ्या देशाची नसते, दारावर बसलेल्याची असते.

पुरावा हवा? सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फरक फक्त नावांचा होता. सवर्ण नावांच्या तुलनेत दलित नावांना बोलावणं कमी आलं, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. त्याच नियतकालिकात २०१२ मध्ये एक हजार बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास छापला गेला. त्यात ९३ टक्के संचालक उच्च जातींतले निघाले. आता ‘कल्चर फिट’ या शब्दाचा अर्थ लावा.

पण बोट दाखवायचं तर आपल्या घराकडेही दाखवू. वीसेक वर्षांपूर्वी बी.एड. होऊन मी आपल्याच समाजाच्या एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. धडा घेऊन दाखवायची तयारी करून गेलो. धडा कोणी पाहिलाच नाही. विचारलं काय? “कोणत्या घराण्यातले? बिरादरी कोणती? कोणाच्या ओळखीने आलात?” जागा सेक्रेटरींच्या भाच्याला मिळाली. तिथेही मी ‘फिट’ नव्हतो. उर्दूत अदब म्हणजे आदर, आणि अदब म्हणजे साहित्यही. आपल्या कित्येक संस्थांत त्याचा तिसराच अर्थ चालतो: चेअरमनसमोर गप्प बसणं. इन्साफ मागणाऱ्याने आधी तो द्यायला नको का?

“काय करणार, आपलं कल्चरच तसं आहे,” हे उत्तर दोन्हीकडे ऐकू येतं. मी ते मानत नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी आणि सदोष गाड्यांसाठी तो बदनाम होता, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. पण कामाची पद्धत बदलली: चूक दिसली की साध्या कामगारालाही दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार मिळाला. गाड्यांचा दर्जा लवकरच सुधारला. देश तोच होता, माणसंही तीच होती.

म्हणून माझी मागणी संस्कृती बदलण्याची नाही, नियम बदलण्याची आहे. पहिली चाळणी नाव झाकून करा. नकाराचं कारण लेखी द्या, आणि ‘कल्चर फिट’ हे कारण धरू नका. सच्चर समितीने २००६ मध्येच समान संधी आयोगाची शिफारस केली होती, ती अमलात आणा. खासगी भरतीत धर्मावरून किंवा जातीवरून डावललं गेलं तर दाद मागायला आपल्याकडे आजही सर्वंकष कायदा नाही.

आयोग यायचा तेव्हा येईल. आपल्या संस्थांना नावं झाकायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या भरतीत तसं करावं, असं मी आमच्या शाळेच्या समितीला लेखी दिलं आहे. उत्तर आलं की इथेच कळवीन. तुमच्यापैकी जे कोणी एखाद्या संस्थेच्या कमिटीवर असतील, त्यांनीही हा विषय पुढच्या बैठकीत मांडावा.

आणि त्या मुलाला मी नंतर फोन करून सांगितलं, “बेटा, तुझ्यात काहीही कमी नव्हतं.” तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, हे त्या कंपनीने सांगायला हवं होतं.”