गुणांची चलनवाढ

दहावीचा निकाल लागला की आचोळ्यातील चाळींत आणि इमारतींत पेढे वाटले जातात. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच त्याच घरांवर चिंतेचे सावट पसरते. नव्वद टक्के मिळवूनही माटुंग्याच्या रुईयासारख्या महाविद्यालयाच्या पहिल्या यादीत नाव लागेलच असे नाही, ही गोष्ट पालकांच्या पचनी पडत नाही. नोटा भरमसाट छापल्या की रुपयाची जी गत होते, तीच गुणांची झाली आहे.

या चलनवाढीला इतिहास आहे. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी 90 टक्के जागा राखून ठेवण्याचा शासनाचा निर्णय 2009 साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. पुढच्याच वर्षी 'बेस्ट फाइव्ह' आले. उच्च न्यायालयाने ते नामंजूर केले, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. 2019 साली भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील शाळांच्या हातचे 20 गुण मंडळाने काढून घेतले, तेव्हा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. इतर मंडळांच्या मुलांना असे गुण मिळतात, मग आमच्याच मुलांना का नाहीत, अशी ओरड झाली. आणि तीत तथ्य नव्हते असे नाही. गुण परत दिले गेले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. एका वर्षात महाराष्ट्रातील मुले इतकी हुशार झाली, असे मंडळही म्हणणार नाही.

प्रवेशपरीक्षा घ्यावी, असे काही जण सुचवितात. 2021 साली तो प्रयत्न झाला व उच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. ती परीक्षा झाली असती तर तिचेही क्लास नालासोपारा स्थानकाबाहेर महिन्याभरात निघाले असते, आणि त्यांची फी भरणारा पालक कोण, हे सांगावयास नको.

वास्तविक टंचाई जागांची नाहीच. 2025 साली अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा सुमारे 21 लाख जागांपैकी सुमारे आठ लाख रिकाम्या राहिल्या. टंचाई आहे ती विश्वासाची. वसईत वर्तक आणि गोन्सालो गार्सिया आहेत, विरारला विवा आहे; तरी आचोळ्याचा सोळा वर्षांचा मुलगा पहाटेच्या लोकलच्या दारात लोंबकळत दादरकडे निघतो, कारण नामांकित महाविद्यालयाची कीर्ती त्याने ऐकलेली असते. गंमत अशी की विज्ञान शाखेतील कित्येक मुले तेथे नाव तेवढे घालतात व शिकतात खाजगी क्लासमध्ये!

ही कीर्ती कशावर उभी आहे, हे तपासणे अवघड नाही. पंच्याण्णव टक्क्यांची मुले निवडून घेतली आणि बारावीला ती पंच्याण्णवच राहिली, तर महाविद्यालयाने काय केले? साठ टक्क्यांच्या मुलाला सत्तरवर नेणाऱ्या महाविद्यालयाचे नाव मात्र कोणी घेत नाही. राज्य मंडळाच्या मुलांचे दहावीचे व बारावीचे गुण एकाच मंडळाच्या दप्तरी आहेत. प्रत्येक महाविद्यालयात मूल कोठून कोठे गेले, एवढा तक्ता प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करावयास ना कायदा लागतो, ना न्यायालय.

गेल्या जूनमध्ये आचोळ्यातील एक रिक्षाचालक गृहस्थ मुलीची गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आले. "सर, जवळचं कॉलेज चांगलं आहे का? मग पोरीला गाडीच्या गर्दीत कशाला घालू?" एवढेच त्यांनी विचारले. वीस वर्षे शिकवूनही त्यांच्यापुढे ठेवण्याजोगा एकही आकडा माझ्यापाशी नव्हता.