तालमीत बसणारा संगीतकार

भास्कर चंदावरकरांचं नाव काढलं की नाटकवाला माणूस म्हणतो, ‘घाशीराम’वाले. सिनेमावाला ‘सामना’चं नाव घेतो. मैफलीत रमणारे त्यांना रविशंकरांचे शिष्य, सतारिये म्हणून ओळखतात आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले लोक ‘आमचे सर’ म्हणतात. १९३६ ते २००९ एवढ्या एका आयुष्याचे आपण असे चार वाटे केले आहेत. मला मात्र ते सगळं एकच काम वाटतं. दुसऱ्याच्या कलाकृतीत जाऊन बसायचं, तिला काय हवं आहे ते कान देऊन ऐकायचं आणि तेवढंच द्यायचं, हे ते काम. आज आपल्या रंगभूमीवर या कामाला जागाच उरलेली नाही. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

मी सांगलीची. शाळेत संगीत शिकवलं आणि त्याच्या जोडीनं बरीच वर्षं हौशी संघांच्या नाटकांना पेटी वाजवली, चाली लावल्या, विंगेत बसून क्यू दिले. ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना. नाटकाचा प्रयोग सुरू होऊन तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्यमंदिरात पहिला प्रयोग झाला, एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच नाटक थांबवलं, त्यातून १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ उभी राहिली, हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, मोहन आगाशेंचा नाना यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. नाटकाच्या राजकारणावर त्याहूनही जास्त. बारा ब्राह्मणांची ती माणसांची भिंत तर नाटक न पाहिलेल्यांनाही ठाऊक असते. पण ती भिंत गाते. तिच्या गाण्याबद्दल आपण ‘संगीत भास्कर चंदावरकर’ एवढ्या एका ओळीपलीकडे फारसं गेलोच नाही.

ते गाणं किती अवघड आहे ते मला शिकवायला बसल्यावर कळलं. कॉलेजच्या मुलांकडून स्नेहसंमेलनासाठी त्यातला एक प्रवेश बसवायचा होता. छापलेली स्वरलिपी आमच्या हाती लागली नाही. कुणीतरी प्रयोगात बसून भरून घेतलेली, खोकल्यांनी आणि टाळ्यांनी भरलेली एक कॅसेट तेवढी मिळाली. चाल ऐकायला सोपी वाटते. थोडक्या सुरांत फिरणारी, देवळातल्या नामघोषासारखी, दुसऱ्यांदा ऐकली की ओठांवर येणारी. मुलांनी ती बसून एका दुपारी उचलली. मग त्यांना ओळीत उभं केलं, पाठ प्रेक्षकांकडे, खांद्याला खांदा, पायात ठेका, आणि सगळं कोसळलं. डोलताना आवाज हलायला लागला. सगळे एकाच जागी श्वास घ्यायचे आणि तेवढ्यापुरती भिंत नाहीशी व्हायची. श्वास वाटून घ्यावे लागले: याचा इथे, शेजारच्याचा दोन मात्रांनंतर. सम गळ्यावर यायच्या आधी टाचेत यावी लागते, हे मुलांना सांगून कळेना. नृत्याची बाजू सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांना नुसतं चालवलं तेव्हा ते कळलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही चाल पेटीवर बसून, तालमीच्या बाहेर सुचणारी नाहीच. मूळ प्रयोगात नृत्याची बाजू कृष्णदेव मुळगुंदांची होती. चाल, पाऊल आणि ओळ हे तिन्ही एकमेकांना पाहत वाढलेले आहेत. त्यातून मुळगुंद वेगळे काढा, चंदावरकर वेगळे काढा, काही हाती राहत नाही.

आणखी एक जागा सांगते. पुण्यातले ब्राह्मण ‘कीर्तनाला निघालो’ म्हणतात आणि कलावंतिणींच्या बावनखणीची वाट धरतात. कीर्तन आणि लावणी इथे एकमेकींत शिरतात. एकीची लय दुसरीत कधी मिसळली ते सांगता येत नाही. टाळ वाजवणारे हात ढोलकीच्या बोलावर सहज येतात आणि पुन्हा तितक्याच भक्तिभावानं नामाकडे वळतात. ढोंगाबद्दल एक शब्दही न बोलता ते ढोंग कानावर पडतं. हे संगीत संवादाच्या मागे वाजत नाही, संवादाच्या जागीच उभं राहतं. १९८० साली हे नाटक युरोपात गेलं, मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या प्रेक्षकांसमोर झालं. तिथे अर्थ पोचवण्याचा मोठा भार या गाणाऱ्या भिंतीनंच उचलला असणार, असं मी पेटीवाली म्हणून ठामपणे म्हणते.

सतारीवर रागाची बढत शिकलेला माणूस इथे खेळे, दशावतार, कीर्तन, लावणी यांच्याकडे वळला आणि कुठेही आपली सतार मिरवली नाही. हा संयम मला फार मोठा वाटतो. शिकलेलं सगळं दाखवावं अशी ओढ आम्हा संगीतवाल्यांना असतेच. चंदावरकरांचं ‘वाद्यवेध’ वाचताना जाणवतं की त्यांना वाद्याचा पोत, त्याचा स्वभाव, ते कुणाच्या हातात आणि कुठल्या जागी वाजतं, याचंच कुतूहल अधिक होतं.

हेच कान घेऊन ते सिनेमाकडे गेले. १९६५ पासून पंधरा वर्षं त्यांनी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवलं. त्या वर्गांत जी मुलं होती ती पुढे भारतीय सिनेमा बदलणारी ठरली, आणि त्यातली कित्येक आपल्या चित्रपटासाठी सरांकडेच परत आली. कुमार शहानींचा ‘माया दर्पण’ (१९७२), के. जी. जॉर्ज यांचा मल्याळम ‘स्वप्नाडनम’ (१९७६), सईद मिर्झांचा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’. या तिन्ही चित्रपटांची चित्रभाषा वेगळी, गती वेगळी. ‘माया दर्पण’मध्ये हवेलीत अडकलेली एक मुलगी आहे आणि काळ जणू पुढे सरकतच नाही. तिथे नेहमीचं पार्श्वसंगीत घातलं असतं तर चित्रपट मेला असता. दिग्दर्शक आणि संगीतकार एकाच वर्गात बसून ऐकायला शिकले असतील तरच असं काम होतं.

कर्नाटकातही त्यांना असंच बोलावणं आलं. भैरप्पांच्या कादंबरीवरचा ‘वंशवृक्ष’ गिरीश कार्नाड आणि ब. व. कारंत यांनी मिळून केला. कारंत स्वतः रंगसंगीतातले केवढे मोठे! तरीही संगीत चंदावरकरांचं. पुढे कार्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ या तलवारीच्या झुंजींच्या चित्रपटाला चंदावरकरांनी संगीत दिलं, मृणाल सेनांच्या ‘खंडहर’मध्ये पडक्या वाड्यातली शांतता सांभाळली, विजया मेहतांच्या ‘रावसाहेब’साठी काम केलं. ‘खंडहर’ मी पुन्हा पाहिला तो केवळ संगीतासाठी. संगीत किती थोडं आहे ते पाहून मी थक्क झाले. जिथे आपल्याला वाटतं की आता सूर येईल, तिथे तो येत नाही.

आणि ‘सामना’. साखरसम्राट हिंदूराव झालेले निळू फुले, दारूत बुडालेला मास्तर झालेले डॉ. लागू, तेंडुलकरांची पटकथा. त्यातलं आरती प्रभूंचं ओझ्याचं गाणं रवींद्र साठे गायले आहेत. साठे म्हणजे ‘घाशीराम’च्याच संचातला आवाज. नाटकात समूहात मिसळलेला तो खर्ज चंदावरकरांनी सिनेमात एकटा उभा केला, आणि त्याच चित्रपटात लताबाईंकडूनही गाणं गाऊन घेतलं. आवाज कुठला घ्यायचा हे त्यांनी गायकाच्या मोठेपणावरून ठरवलं नाही, प्रसंगावरून ठरवलं. साठ्यांचा आवाज ते तालमींतून ओळखत होते, हे इथे महत्त्वाचं आहे.

१९७८ चा ‘तीन पैशाचा तमाशा’ तर सहकार्याचं टोकच. ब्रेख्तचं नाटक, मूळ संगीत कुर्ट वाइलचं, मराठी रूप पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं, आणि संगीत चंदावरकर व आनंद मोडक अशा दोघांचं. कुणाला पाश्चात्त्य पॉपचं वळण, कुणाला नाट्यसंगीताचं, कुणाला लावणी-बैठकीचं: पात्राची ओळख त्याच्या गायकीतून होते. नंदू भेंड्यांचा अंकुश तोंड उघडल्याबरोबर बाकीच्यांहून निराळा कळतो. मोडक तेव्हा विशीत होते, ‘महानिर्वाण’चं संगीत करून झालं होतं. ज्येष्ठानं तरुणाच्या शेजारी आपलं नाव लावावं आणि कामही खरोखर वाटून घ्यावं, अशी उदाहरणं संगीतात फार नाहीत. मोडकांनी बँकेची नोकरी सांभाळत पुढे नाटक, सिनेमा आणि कवितांचे कार्यक्रम या तिन्ही ठिकाणी जे केलं, त्याचं मूळ मला या शेजारात दिसतं.

आता आजचं सांगते. नाटक बसतं. हालचाली ठरतात. प्रयोगाला आठवडा उरतो तेव्हा कुणीतरी म्हणतं, ‘म्युझिक राहिलं.’ मग मोबाइलवर प्रवेशाचं चित्रीकरण करून संगीतकाराला पाठवतात. तो बिचारा दुसऱ्या दोन मालिकांच्या मधल्या वेळात तुकडे तयार करतो आणि फाइली पाठवून देतो. रंगीत तालमीत त्या पहिल्यांदा वाजतात. नटाचं वाक्य लांबलं तर सूर आधीच संपतो, लवकर झालं तर मागे उरतो. ऑपरेटर कळ दाबून आवाज हळूहळू उतरवतो आणि सगळे म्हणतात, छान जमलं. लॅपटॉपला मी दोष देत नाही. स्पूलच्या काळातही आळशी काम होत होतं. दोष आहे तो संगीतकाराला शेवटी बोलावण्याचा.

व्यावसायिक नाटकाचा निर्माता म्हणेल, चार वादकांच्या नाईटचे पैसे, दौऱ्याची गाडी, राहणं-खाणं हे आजच्या तिकिटात बसत नाही. ते खरं आहे, मी त्याला तोडून बोलणार नाही. ‘थिएटर अकॅडमी’तले लोकही डॉक्टर होते, नोकरदार होते, संध्याकाळी तालमीला जमत होते, म्हणून तो काळ तसा घडला, हेही मान्य. पण तालमीत संगीतकाराला बसवायला ढोलकीवाल्याची गाडी लागत नाही. लागतो तो त्याच्या वेळेचा मोबदला. नटाला तालमीचे पैसे मिळत नाहीत तिथे संगीतकाराला कुठून, असं मला ऐकवलं जातं. तर मग दोघांनाही द्या, असंच माझं उत्तर आहे. शासन निर्मितीसाठी अनुदान देतं, त्यात तालमीतल्या संगीताच्या नावानं वेगळी रक्कम धरता येईल.

दुसरी मागणी अधिक तातडीची आहे. ‘घाशीराम’, ‘महानिर्वाण’, ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकांच्या संहिता छापून घरोघरी आहेत. त्यांचं संगीतही तसंच लिहून निघायला हवं: स्वरलिपी, ठेके, कुठे कुणी श्वास घेतला, कुठल्या ओळीवर भिंत वळली, हे सगळं. ज्यांनी ते गायलं, वाजवलं, त्यातले बरेच गेले. जे आहेत त्यांच्या अंगात ते अजून आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स या दोन ठिकाणी विद्यार्थी आहेत, खोल्या आहेत, ध्वनिमुद्रणाची साधनं आहेत. ज्येष्ठांना बोलावून एकेका नाटकाला एक सत्र दिलं तरी पुष्कळ हाती लागेल. नाहीतर पुढच्या पिढीतलं कुणीतरी संहिता वाचून त्या भिंतीला स्वतःची चाल लावील. ती चांगलीही असेल, पण मूळ चालीत नाटकाचा जो अर्ध्याहून अधिक अर्थ होता तो त्याला कधी भेटणार नाही.

आमच्या संघानं यंदा एक केलं. पहिल्या वाचनालाच संगीत करणाऱ्या मुलीला बोलावलं, आणि संघाची वर्गणी वाढवून तिला तालमींचे पैसे द्यायचं ठरवलं. ती पहिले काही दिवस नुसती कोपऱ्यात बसून होती, दिग्दर्शक अस्वस्थ झाला. मग तिनं तीन जागांचं संगीत काढायला सांगितलं, कारण तिथे आईचं काम करणारी नटी भांडी घासते आणि त्या आवाजाला आपोआप एक लय येते. आता नटी त्या लयीतच वाक्य टाकते. चौथ्या प्रवेशाला काय करायचं यावर दोघींचा अजून वाद चालू आहे आणि तालीम रोज उशिरा सुटते.