झिरोचा खरा रंग

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांमध्ये एक जुना वाद आहे. दुसऱ्या महायुद्धातील जपानी नौदलाच्या ‘झिरो’ या लढाऊ विमानाचा रंग नेमका कोणता होता? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. बाहत्तरास एक या प्रमाणात झिरोची प्रतिकृती केली, तर तिचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर भरतात. एवढ्याशा वस्तूला कोणता राखाडी लावला, याने काय बिघडते? तरीही या एका प्रश्नासाठी जाणत्या माणसांनी अनेक वर्षे खर्च केली आहेत, आणि त्यांनी पुरावा कसा पारखला हे समजून घेण्यासारखे आहे.

झिरो १९४० मध्ये सेवेत दाखल झाले. जपानी शाही कालगणनेनुसार ते २६०० वे वर्ष. त्यातील शेवटच्या शून्यावरून विमानाला हे नाव मिळाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा हीच विमाने जपानी ताफ्याचे संरक्षण करीत होती. या काळातील झिरो पांढरे किंवा फिकट राखाडी होते, असे दीर्घकाळ मानले गेले. त्याचा मुख्य आधार म्हणजे कृष्णधवल छायाचित्रे.

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. पण त्या काळी प्रचलित असलेली ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती आणि निळ्याला अतिशय संवेदनशील. अशा फिल्मवर लाल रंग काळा उमटतो, पिवळा गडद दिसतो आणि निळा पांढुरका होतो. पर्ल हार्बरवर गेलेल्या विमानांच्या धडावर त्यांच्या विमानवाहू नौकेची खूण म्हणून रंगीत पट्टे होते. ‘अकागी’च्या विमानावर एक लाल पट्टा, ‘सोर्‍यू’च्या विमानावर एक निळा, ‘शोकाकू’च्या विमानावर एक पांढरा. फिल्म कोणती होती हे ठाऊक नसेल, तर निळा पट्टा पांढरा समजून एका नौकेचे विमान सहज दुसरीच्या नावावर चढवता येईल. त्यामुळे मुरलेला संशोधक छायाचित्र हाती आले, की प्रथम ज्याचा रंग निश्चित ठाऊक आहे अशी वस्तू शोधतो: जपानी चिन्हातील लाल सूर्यबिंब, आकाश, गवत, माणसाची त्वचा. ती कशी उमटली आहे हे पाहून मग तो बाकीच्या छटांचा अंदाज बांधतो. हल्ली संगणकावर रंग भरलेली जुनी छायाचित्रे सर्वत्र दिसतात. ती मनोहर असतात, पण पुरावा म्हणून त्यांचे मोल शून्य.

दुसरा साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष अवशेष. पर्ल हार्बरवर जपानची ९ झिरो विमाने पडली. त्यांच्या पत्र्याचे आणि कापडाचे तुकडे लोकांनी आठवण म्हणून कापून नेले. काही घरोघरच्या पेट्यांत राहिले, काही संग्रहालयांत पोहोचले. पुढे अभ्यासकांनी हे तुकडे बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांना विलक्षण गोष्ट आढळली. उघडा राहिलेला पृष्ठभाग खडूसारखा फिकट झाला होता. मात्र तो हलकेच घासला, की खाली किंचित तपकिरी-हिरवट झाक असलेला राखाडी प्रकट होत असे. म्हणजे पांढुरका राखाडी हा मूळ रंग नसून उन्हापावसाने मूळ रंगावर चढवलेली पूड होती.

वाद इथे मिटायला हवा होता, पण मिटला नाही. रंगातील तेल किंवा राळ काळाच्या ओघात पिवळी पडते, हेही तितकेच खरे आहे. मग तुकड्यावरची तपकिरी झाक १९४१ ची, की पेटीत काढलेल्या पुढच्या वर्षांची? वस्तू समोर आहे आणि तरी ती स्वतःच्या तारुण्याविषयी नीट सांगू शकत नाही. कोणत्याही जुन्या वस्तूचा अभ्यास करणाऱ्याला हा पेच ओळखीचा वाटेल.

येथे उपयोगी पडला तिसरा साक्षीदार, म्हणजे कागद. जपानी नौदलाच्या योकोसुका येथील तांत्रिक संस्थेने १९४२ मध्ये झिरोच्या रंगसंगतीवर एक अहवाल केला होता. त्यात त्या वेळच्या झिरोचा रंग राखाडी, पण किंचित ‘आमे-इरो’कडे झुकणारा, असा नोंदवलेला आहे. ‘आमे’ म्हणजे पाकापासून केलेली जपानी मिठाई. मराठी स्वयंपाकघरात त्याच्या जवळचा रंग शोधायचा, तर चिक्कीसाठी गुळाचा पाक चढतो तेव्हाची सोनेरी-तपकिरी छटा आठवावी. ज्यांनी विमाने रंगवली, त्यांच्याच काळातला हा शब्द अवशेषांच्या साक्षीशी जुळला. मात्र ‘किंचित’ म्हणजे किती, हे कागद सांगत नाही. काही छांदिष्ट ‘आमे’ हा शब्द ऐकताच विमान थेट काकवीत बुडवल्यासारखे रंगवतात. तो उत्साहाचा अतिरेक म्हटला पाहिजे. अहवालात पहिला शब्द राखाडी आहे.

याखेरीज बारीक भेद अनेक. मित्सुबिशी आणि नाकाजिमा अशा दोन कंपन्यांनी झिरो बांधले आणि दोघींच्या छटा व खुणा सारख्या नव्हत्या. नाकाजिमाच्या विमानांच्या धडावरील सूर्यबिंबाला पांढरी कड असे. सुकाणूसारखे हलते भाग कापडाने मढवलेले असल्याने त्यांचा राखाडी पत्र्यावरच्या राखाडीपेक्षा वेगळा दिसे. आतल्या धातूवर ‘आओताके’ नावाचा निळसर-हिरवा पारदर्शक लेप असे. संग्रहालयातील चकचकीत विमान पाहून हे सारे ठरवू नये, कारण तेथील बहुतेक विमाने पुन्हा रंगवलेली असतात.

त्या लाल सूर्यबिंबाने शत्रूच्या विमानांचेही रूप बदलले, आणि त्यात भारताचा थेट संबंध आहे. ६ एप्रिल १९४२ रोजी ‘र्‍युजो’ या जपानी नौकेवरील विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बॉम्ब टाकले. त्या वेळी ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हात मध्यभागी लाल बिंब होते. घाईत ते जपानी चिन्ह समजून आपल्याच विमानावर गोळ्या झाडल्या जाण्याचा धोका होता. म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल रंग काढून टाकला गेला. बाहेर गडद निळा आणि आत फिकट निळा, एवढेच उरले. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे हरिकेन विमान करताना युरोपातील लाल मध्याचे चिन्ह लावणे ही त्यामुळे ठळक चूक ठरते. त्या वैमानिकांचा जीव ज्या बदलावर अवलंबून होता, तोच बदल अशा प्रतिकृतीतून पुसला जातो.

त्याच ‘र्‍युजो’वरून दोन महिन्यांनी, ४ जून १९४२ रोजी, अलास्कातील डच हार्बरवर हल्ला करण्यासाठी विमाने निघाली. त्यात शेपटीवर डीआय-१०८ हा क्रमांक असलेला एक झिरो होता. त्याच्या तेलाच्या नळीला गोळी लागली. वैमानिक तादायोशी कोगा १९ वर्षांचा होता. अकुतान बेटावरील हिरवळ पाहून त्याने तेथे उतरण्याचा प्रयत्न केला. हिरवळीखाली दलदल होती. चाके रुतली, विमान उलटले आणि कोगा जागीच मरण पावला. पडलेले विमान शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते नष्ट करण्याचा आदेश सोबत्यांना होता. पण तो जिवंत असेल या आशेने त्यांनी गोळ्या झाडल्या नाहीत. १० जुलै रोजी अमेरिकी विमानाच्या चमूला ते दिसले. दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये ते सॅन दिएगो येथे उडवले गेले, तेव्हा त्यावर अमेरिकी रंग आणि तारे होते. १९४५ मध्ये धावपट्टीकडे जाताना दुसऱ्या विमानाचा पंखा लागून ते मोडले.

या विमानाची उड्डाणातील स्वच्छ छायाचित्रे म्हणूनच परक्या रंगातली आहेत. त्याचा जपानी रंग पाहायचा, तर दलदलीतील छायाचित्रांकडे जावे लागते, आणि तेथे विमान पोट वर करून पडलेले आहे. डीआय-१०८ ची प्रतिकृती करणारा छांदिष्ट पाण्यात भिजवलेला काही मिलिमीटर उंचीचा तो क्रमांक चिमट्याने उचलतो आणि शेपटीवर सरळ बसेपर्यंत ओल्या कुंचल्याने हलवत राहतो.