सणसवाडी : बाहेरचे कोण?

पुणे-नगर रस्त्यावरची सणसवाडी नावाने अजून वाडीच. पण बाजारात उभे राहावे, तर मराठवाड्याचे हेल आणि बिहारची हिंदी एकदमच कानी पडते. कारखाने आले, शेतकऱ्यांनी खोल्या बांधल्या, नि ज्वारीच्या रानात भाडे पिकू लागले! पोटासाठी आलेला मात्र वर्षानुवर्षे 'बाहेरचा'च.

१ जानेवारी १८१८ ची लढाई शेजारच्या कोरेगावी झाली. २०१८ साली त्याच तारखेला तेथे नि सणसवाडीत दगडफेक, जाळपोळ झाली. 'बाहेरच्यांनी केले,' असे जो तो म्हणू लागला. ज्यांची दुकाने जळाली, त्यांत गावातलेही होते. मी मराठीचा मास्तर. पण या शब्दाचा अर्थ काही मला लागेना. खोली मागणाऱ्याला पहिला प्रश्न अजून तोच : "गाव कोणतं तुमचं?"