पिंपाआधी शेत असतं

शनिवारी पणजीत सिंगल माल्ट चाखण्याच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. पहिला पेला हातात देतानाच यजमानांनी सांगून टाकलं, "सगळी चव पिंपाची. बार्लीचं काम अल्कोहोल देण्यापुरतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. देवगड की रत्नागिरी, हे विचारल्याशिवाय आंब्याच्या पेटीला हात न लावणारी आपण माणसं हे ऐकून घेतोच कसं?

याला उत्तर म्हणून अथाय आणि बनक्लोडी ही दोन नावं पुढे करतो. याहून स्वच्छ पुरावा माझ्यापाशी नाही. आयर्लंडमधल्या या दोन ठिकाणी २०१७ आणि २०१८ च्या हंगामांत ऑलिंपस आणि लॉरिएट हे बार्लीचे तेच दोन वाण पेरले. माल्ट एकाच पद्धतीने केला, प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने मद्य गाळलं. लाकडाचा स्पर्शसुद्धा नाही. तरी वास वेगळे आले. अथायची जमीन चुनखडीची, कॅल्शियम भरपूर, पाऊस कमी, हवा स्थिर. तिथल्या मद्याला भाजलेल्या बदामाचा, बिस्किटाचा वास आणि घोट उतरल्यावर मागे राहणारा तेलकटपणा. बनक्लोडीच्या मातीत लोह आणि मँगनीज जास्त, हवा लहरी. तिथलं मद्य हलकं, फुलांच्या आणि ताज्या फळांच्या वासाचं. चवीशी नातं असलेली ४२ संयुगं सापडली आणि त्यांतल्या निम्म्यांवर माती-हवामानाचा थेट परिणाम दिसला. २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यामागे उभी राहिलेली वॉटरफर्ड डिस्टिलरी २०२४ च्या अखेरीस आर्थिक अडचणीत सापडली, तेव्हापासून 'शेताची चव' हा शब्दच काहींना बदनाम वाटतो. हिशेब चुकला म्हणून तो बदामाचा वास खोटा ठरत नाही.

आता आपल्याकडे या. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट गाळली जाते. बार्ली येते उत्तर भारतातून, सहा ओळींच्या कणसाची. हा दाणा तळहातावर घेऊन बघा. स्कॉटलंडच्या दोन ओळींच्या बार्लीपेक्षा बारीक, साल जाड, आणि दाटीवाटीत वाढल्यामुळे कडेचे दाणे जरासे पिळलेले. पिष्ट कमी, म्हणून अल्कोहोलही कमी उतरतं. प्रथिनं मात्र जास्त. आपल्या माल्टमध्ये भाकरीच्या पापुद्र्यासारखा जो खमंगपणा मला लागतो, तो मी याच दाण्याच्या नावावर मांडतो. गोव्याचा उकाडा पिंपातलं काम झपाट्याने करतो, हे मान्य. पण पिंपात जे भरलं त्यावरच ते काम होतं.

म्हणून माझी जुनीच मागणी पुन्हा. पिंपात आधी बर्बन होती की शेरी, हे बाटलीवर अभिमानाने छापता. त्याच्या शेजारी बार्लीचा जिल्हा, वाण आणि हंगामही छापा. वॉटरफर्डने तर शेताचं नावच बाटलीवर घातलं होतं. उत्तरेतल्या ज्या शेतकऱ्याने थंडीत पाणी धरून तो दाणा पोसला, त्याचं गाव तरी आम्हाला कळू द्या.