कोणी हात लावला होता?

मुलांनो, घरातला कॉम्प्युटर चालता चालता अचानक थिजला, म्हणजे आपण म्हणतो तसा 'हँग' झाला, की घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, सांगा पाहू? "काय झालं?" असा? छे! पहिला प्रश्न असतो, "कोणी हात लावला होता?" आणि लगेच सगळ्यांच्या माना घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे वळतात. हो की नाही?

आज आपण या प्रश्नाबद्दलच बोलू या. कॉम्प्युटर का रुसतो, रुसल्यावर कारण कसं शोधायचं आणि ते शोधताना हा एक प्रश्न कसा आडवा येतो, ते पाहू.

आधी थोडी ओळख. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक मुख्य प्रोग्रॅम असतो. त्याला 'ऑपरेटिंग सिस्टीम' म्हणतात. विंडोज, लिनक्स ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. तिचं काम आपल्या शाळेतल्या मुख्याध्यापकांसारखं असतं. कोणत्या वर्गाला मैदान कधी मिळणार, प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे, पाहुणे आले तर कुठे बसवायचे, हे सगळं मुख्याध्यापक बघतात ना? तसंच कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, प्रिंटरवर कोणाचा कागद आधी छापायचा, तुम्ही दाबलेलं अक्षर कुठे पोचवायचं, हे ऑपरेटिंग सिस्टीम बघते. एखाद्या वर्गात गोंधळ झाला तर शाळा चालू राहते. पण मुख्याध्यापकांनाच चक्कर आली तर? मग सगळंच थांबतं.

आता एक खरी गोष्ट ऐका. विंडोज ९५ ही ऑपरेटिंग सिस्टीम २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. तिच्यात आणि तिच्यानंतर आलेल्या विंडोज ९८ मध्ये एक अजब दोष होता. कॉम्प्युटर बंद न करता सलग ४९ दिवस आणि सुमारे १७ तास चालू ठेवला, की तो थिजून बसायचा! ५० नाही, ४५ नाही, नेमके ४९ दिवस आणि १७ तास. असं का बरं?

कागद-पेन्सिल घ्या. हे गणित चौथी-पाचवीच्या मुलांनाही जमेल. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, हे मोजणारा एक आकडा आत असतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाने, म्हणजे मिलिसेकंदाने पुढे सरकतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे मिलिसेकंद झाले ८,६४,००,०००. हा आकडा लिहायला ठेवलेली जागा मात्र ठरावीक होती. त्या जागेत ० धरून एकूण ४,२९,४९,६७,२९६ आकडे मावत. आता या मोठ्या संख्येला ८,६४,००,००० ने भागा. उत्तर येईल ४९.७ च्या आसपास!

जुन्या स्कूटरचं किलोमीटर दाखवणारं चक्र पाहिलंय ना? ९९,९९९ नंतर ते पुन्हा ००,००० दाखवतं. इथेही तसंच झालं. आकडा भरला आणि शून्यावर आला. त्या आकड्याच्या भरवशावर चालणारी कामं गोंधळली आणि कॉम्प्युटर थांबला. हा दोष लक्षात यायलाही वेळ लागला. कारण घरचा कॉम्प्युटर सलग ५० दिवस कोण चालू ठेवतंय? आणि ठेवला तरी त्याआधीच तो दुसऱ्या कुठल्या तरी कारणाने बंद पडायचा!

आता सांगा, कोणी हात लावला होता? कोणीच नाही. चूक त्या प्रोग्रॅममध्येच होती, तीही दुकानातून घरी यायच्या आधीपासून.

दुसरी गोष्ट २० एप्रिल १९९८ ची. अमेरिकेत शिकागो शहरात कॉम्प्युटरचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे प्रमुख बिल गेट्स मंचावर होते. नवी विंडोज ९८ लोकांना दाखवायची होती. त्यांच्या सहकाऱ्याने कॉम्प्युटरला एक स्कॅनर जोडला आणि काय! हजारो लोकांसमोर पडदा निळा झाला. ही सिस्टीम अजून विकायला का काढलेली नाही ते आता कळलं असेल, अशा अर्थाचा विनोद गेट्स यांनी केला आणि सगळे हसले. पुढे जून महिन्यात ती बाजारात आली.

ज्यांनी विंडोज बनवली, त्यांच्याच हातात ती बंद पडली. मग तुमच्या-आमच्या घरी पडली तर नवल ते काय?

पण मुलांनो, प्रत्येक वेळी असं हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आहे. तिची आई बचत गटाचे हिशेब त्यावर ठेवते. एकदा त्याचा आवाज बंद पडला. "तूच गेम टाकलास, तूच बिघडवलास," म्हणून तिला बोलणी बसली. दोन दिवसांनी दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी पाहिलं तर स्पीकरची वायर उंदराने कुरतडलेली! सगळे हसले, विषय संपला. पण तिच्या मनातून तो गेला नाही.

महिन्याभराने पडद्यावर एक सूचना येऊ लागली. डिस्कमध्ये दोष दिसतो आहे, फाइलींची दुसरी प्रत करून ठेवा, असा तिचा अर्थ होता. मुलीने ती वाचली. तिला ती कळलीही. पण सांगितलं तर पुन्हा आपल्यावरच येईल, म्हणून तिने गुपचूप खिडकी बंद केली. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. वीस बायकांचे दोन वर्षांचे हिशेब गेले. आईने आणि गटातल्या मावश्यांनी तीन रविवार बसून, एकेकीचं पासबुक चाळून ते पुन्हा लिहून काढले. मुलगी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होती. मावश्यांपैकी कोणीही तिला एक शब्द बोललं नाही.

बघा, "कोणी हात लावला?" या प्रश्नाने दोष सापडला नाही. उलट दोषाची सूचना लपली. म्हणून आपण प्रश्न बदलू या. विचारू या, "काय झालं? त्याच्या आधी काय झालं होतं?"

आता हा शोध कसा घ्यायचा, ते पायरीपायरीने बघा.

पहिली पायरी: सूचना वाचा आणि लिहून ठेवा. पडदा निळा झाला की घाबरून लगेच बटण दाबू नका. तो पडदा म्हणजे शिक्षा नव्हे. काहीतरी मोठं बिनसलंय, पुढे गेलं तर आणखी नुकसान होईल, म्हणून सिस्टीम स्वतःच थांबते. त्यावर दोषाचा एक संकेत लिहिलेला असतो. तो वहीत उतरवा किंवा आईच्या फोनवर फोटो काढा. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा निळ्याऐवजी काळा झालाय, बरं का! आणि एक ध्यानात ठेवा. पडद्यावर 'या नंबरवर ताबडतोब फोन करा' असं दिसलं तर ती खरी सूचना नाही, ती फसवणूक आहे. फोन करायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची.

वहीवरून आठवलं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाचा खोलीभर मोठा कॉम्प्युटर नीट चालेना. शोधता शोधता आत एक पतंग सापडला. दिव्याभोवती फिरतो ना, तो कीटक! त्या लोकांनी तो चिकटपट्टीने वहीत चिकटवला. शेजारी वेळ लिहिली, ३ वाजून ४५ मिनिटं, आणि तो कुठल्या भागात सापडला तेही लिहिलं. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणायची पद्धत त्याआधीपासूनच होती. इथे मात्र खराखुरा किडा निघाला! ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. खिडकी कोणी उघडी ठेवली होती, याची मात्र त्या पानावर नोंद नाही!

दुसरी पायरी: 'रीस्टार्ट' करा. हा उपाय ऐकून तुम्ही हसाल, पण त्यामागे कारण आहे. काम करताना कॉम्प्युटर एका पाटीवर लिहीत असतो. त्या पाटीला 'रॅम' म्हणतात. काही प्रोग्रॅम लिहितात आणि पुसायला विसरतात. पाटी भरते, गिचमिड होते. रीस्टार्ट म्हणजे ओल्या फडक्याने पाटी स्वच्छ पुसणं. एक गंमत सांगू? विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असेल तर 'शट डाउन' करताना पाटीवरचा काही मजकूर जपून ठेवला जातो आणि नंतर पुन्हा पाटीवर उतरवला जातो. म्हणून बाबांनी बंद करून चालू केला तरी दुखणं राहतं आणि 'रीस्टार्ट' केल्यावर जातं. पण रीस्टार्टच्या आधी केलेलं काम सेव्ह करा हं!

तिसरी पायरी: अलीकडे काय बदललं ते आठवा. नवा प्रोग्रॅम टाकला? नवा प्रिंटर जोडला? अपडेट आला? पावसात वीज गेली? नुसतं आठवणीवर विसंबू नका. विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' नावाची एक रोजनिशी असते. कुठल्या दिवशी काय टाकलं आणि काय बंद पडलं, ते त्यात तारखेसकट दिसतं.

चौथी पायरी: एका वेळी एकच गोष्ट बदला. पोट बिघडलं की आजी काय देते? मऊ भात. मग दुसऱ्या दिवशी वरण, तिसऱ्या दिवशी भाजी. एकदम सगळं खाल्लं तर कशाने दुखलं ते कळणार कसं? कॉम्प्युटरचा मऊ भात म्हणजे 'सेफ मोड'. त्यात सिस्टीम फक्त अगदी गरजेच्या गोष्टी घेऊन सुरू होते. तिथे त्रास झाला नाही, तर दोष नंतर जोडलेल्या कशात तरी असण्याची शक्यता जास्त. मग एकेक गोष्ट परत आणून बघायची.

मोठ्यामोठ्या कचेऱ्यांतही हेच करतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. विमानं खोळंबली. आपल्या देशात काही प्रवाशांना तर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले! उपाय काय केला? कित्येक ठिकाणी माणसं एकेका कॉम्प्युटरपाशी गेली, तो सेफ मोडमध्ये सुरू केला आणि ती बिघडलेली फाइल काढून टाकली.

पाचवी पायरी: थांबायचं कुठे, ते ओळखा. कॉम्प्युटरचा डबा उघडायचा नाही. जळका वास आला तर लगेच मोठ्यांना बोलवायचं. आणि राग अनावर झाला की उठून पाणी प्यायचं. रागाच्या भरात माणूस एकदम पाच बटणं दाबतो आणि मग कशाने काय झालं, ते कोणालाच सांगता येत नाही.

आता चार शब्द आई-बाबांसाठी. आपलं म्हणणं खरं आहे, मुलं कधी कधी खरोखरच नको ते बटण दाबतात. पण तसं झालं असेल तर ते कळणं आणखीच गरजेचं आहे, आणि ते सांगणार मूलच. त्याच्या तोंडून ते निर्भयपणे यायला हवं. म्हणून मूल काही सांगायला आलं तर आधी "बरं केलंस सांगितलंस" म्हणा, मग काय ते बघा. आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा. हिशेब असोत, फोटो असोत, डिस्क कधी जाईल याचा नेम नाही.

मुलांनो, या रविवारी एक काम करा. जुन्या वहीची कोरी पानं शिवून एक छोटी वही बनवा आणि कॉम्प्युटरशेजारी दोऱ्याने टांगा. तिच्यात चार रकाने आखा: तारीख, काय झालं, त्याआधी काय केलं होतं, काय केल्यावर बरं झालं. पाचवा रकाना 'कोणी केलं' असा आखायचा नाही! घरातल्या सगळ्यांनी त्यात लिहायचं, बाबांनीसुद्धा. आणि 'बरं झालं नाही' असं लिहावं लागलं तरी लिहा. दुरुस्तीवाले काका येतील तेव्हा त्यांच्या हातात सगळ्यात आधी ती वहीच द्या.

तुमच्या,
बाई