आपलं स्वयंपाकघर : हिवाळ्याचा ताजा रस, सवतासाठी आणि नातवंडांसाठी



पाऊस सुरू झाला आणि शूकात संत्र्या-लिंबांचे ढीग लागले, म्हणजे इस्राएलचा हिवाळा आला असं समजायचं. भारतात सरबत म्हटलं की आपल्याला एप्रिल-मे महिन्याचा घाम आठवतो. इथे गंमत उलटी आहे. रसाच्या फळांचा खरा हंगाम थंडीतच असतो. म्हणून या वेळी आम्ही ताज्या रसाची पेयं घेऊन आलो आहोत. नातवंडं त्यांना कॉकटेल म्हणतात. आपल्या काळी कॉकटेल म्हणजे दारूच, पण घाबरू नका, इथे बहुतेक काम संत्र्या-लिंबावरच भागतं.

मात्र कृती सांगण्याआधी फळांची ओळख करून द्यायची आहे. एकाच तांब्यातून सवता-साबा आणि नातवंडं पिणार असतील, तर त्यात कोणतं फळ घातलं आहे याला महत्त्व आहे.

शूकात काय मिळतं?

तापूजला आपण सर्रास संत्रं म्हणतो. पण जात बघितली तर तापूज हे आपल्या मोसंबीचं भावंड. साल घट्ट, सुरी लागतेच. नागपूरच्या संत्र्याचं खरं नातं क्लेमेंटिनाशी. साल सैल, मुलंसुद्धा हाताने सोलतात. क्लेमेंटिना नोव्हेंबरपासून दिसू लागतात. जानेवारीनंतर 'ओर' नावाची जात येते. ती इथल्याच वोल्कानी कृषी संशोधन संस्थेत तयार झाली. गोड असते आणि बी जवळजवळ नसतेच.

जाफ्याचं नाव जगभर केलं ते शामूती संत्र्याने. जाड सालीमुळे ते आगबोटीचा लांबचा प्रवास सहन करायचं. आता ते कमी दिसतं. मिळालं तर खायला उत्तम, पण त्याचा आणि नाव्हेल संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. काढला की प्यावा.

मग येतात मोठी मंडळी : पोमेला म्हणजे आपलं पपनस, एश्कोलित म्हणजे ग्रेपफ्रूट, आणि या दोघांच्या संकरातून झालेली हिरव्या सालीची पोमेलित. बाजारात तिला स्वीटी असंही म्हणतात. फळं छान आहेत, मुलांनी खुशाल खावी. पण पुढचं वाचल्याशिवाय आजी-आजोबांनी हात लावू नये.

गोळ्या घेणाऱ्यांनी हे आधी वाचा

१९८९ साली कॅनडात डॉ. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपीन या औषधाचा अभ्यास करत होते. दारूची चव लपवावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. रक्त तपासलं तर औषधाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. कारण निघाला तो रस!

याचं कारण सोपं आहे. आपल्या आतड्यात एक द्रव्य असतं, ते काही गोळ्यांचा बराच भाग रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. डॉक्टर गोळीचं माप ठरवतात ते हे धरूनच. एश्कोलितमधले घटक त्या द्रव्याला बंद पाडतात. मग गोळी घेतली एक, पण अंगात गेली दोन-तीन गोळ्यांइतकी, असं होऊ शकतं. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन, रक्तदाबाच्या फेलोडिपीन आणि निफेडिपीन, मूत्रपिंड बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस या गोळ्या त्यातल्याच. यादी याहून मोठी आहे.

तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, सकाळी रस आणि रात्री गोळी असं केलं तरी भागत नाही. बंद पडलेलं द्रव्य शरीराला नव्याने तयार करावं लागतं, त्याला एक दिवस आणि कधी त्याहून जास्त लागतो. दुसरी, दोष एकट्या एश्कोलितचा नाही. पोमेला, पोमेलित आणि मुरंब्याचं आंबट-कडू संत्रं यांतही तो आहे. पोमेलित गोड लागते म्हणून ती निर्धोक, असं नाही. तिसरी, हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. सोडायचं ते फळ. कुपात खोलीममध्ये गोळ्या घ्यायला जाल तेव्हा खोके पुढे करून रोकेआखला सरळ विचारा, "यातल्या कुठल्या गोळीबरोबर एश्कोलित चालत नाही?" हिब्रू अडलं तर नातवाला सोबत न्या.

नेहमीचं गोड संत्रं, क्लेमेंटिना आणि लिंबू यांत हा दोष सहसा नसतो. म्हणून आमच्या खालच्या चारही पेयांत हीच तीन फळं आहेत. तरी गोळी रसाबरोबर न घेता पाण्याबरोबरच घ्यावी.

मधुमेह असणाऱ्यांसाठी आणखी एक. एका ग्लास रसाला तीन-चार संत्री लागतात आणि त्यात सुमारे २० ग्रॅम साखर उतरते, चोथा मात्र जवळजवळ सगळा मागे राहतो. एक संत्रं खाणं वेगळं, चार पिणं वेगळं. त्यांनी अर्धी वाटी रस आणि अर्धी वाटी सोडा घ्यावा, तोही जेवणाबरोबर. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम कमी खायला सांगितलं असेल, तर संत्र्याच्या रसाबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं.

रस कसा काढावा

फळं फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढा. साल वापरायची असेल तर फळ कोमट पाण्यात ब्रशने घासा, कारण सालीवर मेण लावलेलं असतं. मग ओट्यावर तळहाताखाली दाबून लाटण्यासारखं फिरवा. आतल्या फोडी सैल होतात आणि रस जास्त निघतो. हे काम नातवंडांना द्या, त्यांना फार आवडतं. फळ आडवं कापा, उभं नको. पिळताना पांढऱ्या भागापर्यंत रगडू नका, कडवटपणा तिथेच असतो. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात आणि रस कडू होतो, त्यापेक्षा हाताने पिळायचं साधं यंत्र बरं. थंडीत बर्फ नको.

चार पेयं, प्रत्येकी चौघांसाठी

१. संत्रं-आल्याचा फसफसता ग्लास : सहा संत्री, दोन क्लेमेंटिना आणि एक लिंबू यांचा रस एकत्र करा. आलं किसून एक चमचा रस पिळा, चिमूटभर काळं मीठ घाला. वाढताना वरून ग्लासभर सोडा ओता आणि नानाची दोन-दोन पानं हातावर चुरडून टाका. नाना म्हणजे आपला पुदिनाच.

२. नारळाच्या दुधातलं संत्रं : दोन कप संत्र्याचा रस, अर्धा कप नारळाचं घट्ट दूध, दोन चमचे साखर, वेलचीची पूड. सगळं झाकणाच्या बरणीत घालून मुलांना हलवायला सांगा, वीसपर्यंत मोजून. ठेवलं तर दूध वेगळं होतं, म्हणून लगेच प्या. नारळाचं दूध पारवे असल्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही चालतं. कोकणातल्या आपल्या आयांनी नारळ का जपला, ते यावरून कळतं.

३. घसा धरल्यावरचं गरम लिंबू : चार कप पाण्यात आल्याचा तुकडा आणि तीन लवंगा घालून उकळा. खाली उतरवून पिण्याजोगं कोमट झालं की दोन लिंबांचा रस आणि चार चमचे मध घाला. उकळत्या पाण्यात लिंबू पिळलं की ताजी चव जाते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये.

४. मोठ्यांचा ग्लास : इथे आराक आणि एश्कोलित ही जोडी फार चालते. आम्ही त्यात एश्कोलितच्या जागी संत्रं आणि भरपूर लिंबू घालतो. एका माणसाला ३० मिलिलिटर आराक, अर्धा कप संत्र्याचा रस आणि अर्धं लिंबू. बडिशेपेचा वास संत्र्याला शोभतो. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी पहिल्या क्रमांकाचं पेय घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

बाळगोपाळांनो, हे तुमच्यासाठी

पातेलंभर पाणी घ्या. एक न सोललेली आणि एक सोललेली क्लेमेंटिना त्यात सोडा. कोणती बुडेल? सोललेली बुडते आणि सालासकट असलेली तरंगते. सालीत हवा भरलेली असते, ती पोहणाऱ्याच्या फुग्यासारखी काम करते. सवताला आधी उत्तर ओळखायला सांगा, मग करून दाखवा.

आणि एक विचार करायची गोष्ट. संत्रं खाताना आपण 'बोरे प्री हाएत्स' ही बराखा म्हणतो, पण त्याच संत्र्याचा रस पिताना 'शेहाकोल'. का बरं? घरातल्या मोठ्यांना विचारा.

तू बिश्वात याच दिवसांत येतो. मलिद्याचं ताट झालं, एलियाहू हानाबीचं नाव घेऊन झालं, की घरात फळं उरतातच. त्यांतली संत्री, क्लेमेंटिना, लिंबं वेगळी काढा आणि सगळ्यांना पुरेल असा एक तांब्या भरा. एश्कोलित आणि पोमेला मुलांच्या बशीत ठेवा. किद्दुशासाठी काळ्या मनुका भिजवून सरबत करणारी आपली जमात आहे, फळाचा रस काढणं आपल्याला कोणी शिकवायला नको. फक्त रस काढायच्या आधी घरात कोण कुठली गोळी घेतं, एवढं विचारून घ्या.

तुमच्या घरची रसाची कृती असेल तर लिहून पाठवा, पुढच्या अंकांत छापू. थंडीत जपा. लेहित्राओत!